नैवेद्याच्या ताटातील 'अदृष्ट'

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रींची स्थापना झाली की आमच्या क्षेत्रस्थानी दहा दिवस कीर्तनाचा उत्सव चालतो. गेली चाळीस वर्षे ही सेवा प्रस्तुत लेखकाकडे आहे, आणि त्यांपैकी बावीस वर्षे तबल्याच्या साथीला एक मुसलमान गृहस्थ बसत आले आहेत. सारा गाव त्यांना 'मास्तर' म्हणतो. येथेही तेच संबोधन वापरतो. मास्तर आरती संपेपर्यंत मंडपात थांबतात, प्रसादाची पुडी दोन्ही हातांत घेतात आणि नातवंडांसाठी घरी नेतात.

गेल्या उत्सवातील चौथ्या दिवसाची गोष्ट. प्रसादाच्या पुडीत नेहमीची खडीसाखर व खोबरे होते, आणि त्यांच्या जोडीला पांढऱ्या-गुलाबी रंगाच्या, कापसासारख्या मऊ अशा दोन-दोन वड्या होत्या. परदेशी राहणाऱ्या एका भाविकाने सुटीवर येताना त्यांच्या मोठमोठ्या पिशव्या आणून श्रद्धेने मंडळास दिल्या होत्या. तीन दिवस त्या वाटल्या जात होत्या. मुले तर खोबरे टाकून आधी त्याच खात. मास्तरांनी त्या दिवशी पुडी उघडून पाहिली, वडी बोटांत दाबली आणि विचारले, "बुवा, याचे मूळ पाकीट आहे का?"

पाकीट आणविले. मास्तरांनी चष्मा लावला, पाठीमागची बारीक अक्षरे दिव्याजवळ धरून वाचली आणि ते हलक्या आवाजात म्हणाले, "यात जिलेटिन आहे. कशाचे ते लिहिलेले नाही. त्या देशांत बहुधा डुकराच्या कातडीचे असते, नाहीतर गुराढोरांचे. माझ्या नातवाला मी हे देणार नाही. पण बुवा, तुमच्या गणपतीपुढे हे चालते का?"

वाचकहो, मी संस्कृत शिकलो, शिकविले. आहारशुद्धीवर पूर्वरंग किती वेळा लावला असेल याची गणती नाही. परंतु त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तीन दिवस आम्ही गावातील शाकाहारी घरांच्या मुलांना काय वाटले, हे मला एका तबलजीने सांगावे लागले.

जिलेटिन म्हणजे काय?

प्राण्यांची कातडी, हाडे आणि स्नायुबंध यांत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. ते आम्लात किंवा चुन्याच्या पाण्यात मुरवून पुढे ऊन पाण्यात उतरविले, गाळले आणि सुकविले म्हणजे जो निर्गंध, फिकट पदार्थ मिळतो, तो जिलेटिन. गार झाले की ते थिजते आणि तोंडाच्या उबेने विरघळते. म्हणूनच मऊ वड्या, थरथरणारी जेली, काही दह्याचे प्रकार आणि औषधांच्या कॅप्सूल यांत त्याचा उपयोग होतो. ते डुकराच्या कातडीचे असते, गाईबैलांच्या कातड्याचे वा हाडांचे असते, क्वचित माशांचेही असते. पाकिटावर मात्र बहुधा एकच शब्द.

असे पदार्थ पुष्कळ आहेत. मोनो व डायग्लिसराइड्स, ज्यांचा क्रमांक ४७१, ते पाव, आइस्क्रीम आणि चॉकलेटांत असतात; त्यांतील स्निग्धांश ताडतेलाचा असू शकतो, तसाच चरबीचाही असू शकतो. क्रमांक १२० चा लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून काढतात. क्रमांक ९०४ म्हणजे आपली लाख. क्रमांक ९२० चे एल-सिस्टीन पूर्वी पिसांपासून आणि केसांपासून काढीत. आता ते किण्वनानेही करतात. क्रमांक ६३१ हा चवीचा क्षार मांसापासून वा माशांपासून मिळतो, तसाच वनस्पतिजन्य पिठूळ पदार्थ आंबवूनही मिळतो. क्रमांक पदार्थाचे नाव सांगतो, त्याचे कुळ सांगत नाही. कूळ न पाहता सोयरीक न करणारे आपण, या बाबतीत मात्र नुसत्या नावावर समाधान मानून राहिलो आहोत.

हलाल या शब्दाचा अर्थ

आपल्याकडे हलाल म्हणजे पशू कापण्याची एक रीत, एवढीच समजूत आहे. वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ 'धर्माने अनुज्ञात' असा आहे. त्याच्या उलट हराम, म्हणजे निषिद्ध. आणि दोहोंच्या मध्ये तिसरा वर्ग आहे, तो संशयिताचा. त्याला 'मश्बूह' म्हणतात. जे संशयित आहे त्यापासून दूर राहील तो आपला धर्म व आपली अब्रू राखील, अशी शिकवण त्यांच्या परंपरेत पैगंबरांपासून चालत आली आहे. मास्तरांनी पाकीट मागितले ते याच शिकवणीने.

पुढे प्रश्न सूक्ष्म होतो. मूळ वस्तू निषिद्ध असली, पण तिचे संपूर्ण रूपांतर झाले, तर काय? या रूपांतराला ते 'इस्तिहाला' म्हणतात. मद्याचा आपोआप शिरका झाला तर तो चालतो, हे सर्वमान्य आहे. हनफी पंथाच्या ग्रंथांत एक जुना दृष्टांत आहे: मिठाच्या खाणीत गाढव पडले आणि कालांतराने त्याचे मीठच झाले, तर ते मीठ शुद्ध; कारण आता तेथे गाढव नाही, मीठ आहे. शाफई पंथ ही सूट फार थोड्या ठिकाणी देतो. आपल्या देशातील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, तर कोकणातील मुसलमान शाफई. जिलेटिन हे असे पुरते रूपांतर आहे की नाही, यावर त्यांच्या विद्वानांत आजही मतभेद आहेत. सावध घरे मतभेद मिटण्याची वाट न पाहता ती वस्तूच टाळतात.

जावा बेटावरील वाद

या सूक्ष्मतेची खरी कसोटी इंडोनेशियात लागली. तेथे १९८८ साली नित्याच्या खाद्यपदार्थांत डुकराची चरबी असल्याची बातमी पसरून मोठी खळबळ उडाली, आणि पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, तेथील उलेमा परिषदेने खाद्यपदार्थांची तपासणी करणारी स्वतंत्र संस्था काढली. धर्मपंडित आणि रसायनशास्त्रज्ञ यांना एका बैठकीवर बसविणारी ही व्यवस्था होती.

त्या संस्थेपुढे २००० साली अजिनोमोटोचे प्रकरण आले. आपल्याकडेही गाड्यावरच्या चिनी पदार्थांमुळे हा शब्द घरोघर पोहोचला आहे. मोनोसोडियम ग्लुटामेट या क्षाराचा तो व्यापारी अवतार. जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशैवालाच्या रश्श्यातून त्या चवीचा शोध लावला. हा क्षार आता उसाच्या मळीसारख्या गोड द्रव्यावर सूक्ष्मजंतू वाढवून करतात. पूर्व जावातील मोजोकेर्तो येथील कारखान्यात तोच प्रकार होता. मळी वनस्पतीची, क्षार निर्जीव. मग दोष कोठे? तपासणीत असे निघाले की त्या सूक्ष्मजंतूंचे मूळ विरजण ज्या पोषक द्रव्यावर जतन करीत, ते सोयाबीनचे होते खरे, परंतु ते सोयाबीन पचविण्यासाठी डुकराच्या स्वादुपिंडातील पाचकरस वापरलेला होता.

विकल्या जाणाऱ्या पुडीत त्या पाचकरसाचा अंशही सापडत नव्हता. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद हे स्वतः धर्मशास्त्राचे जाणते होते. जानेवारी २००१ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेच्या आधारावर 'हा पदार्थ हलाल आहे' असे जाहीर केले. उलेमा परिषद मात्र ढळली नाही. तिचे म्हणणे असे की प्रश्न केवळ अंतिम पदार्थात काय उरले याचा नाही; तो करताना निषिद्ध वस्तूचा उपयोग केला, हाच दोष आहे. हजारो टन माल बाजारातून परत घ्यावा लागला, कंपनीच्या अधिकाऱ्यांना अटका झाल्या. अखेर कारखान्याने विरजणाचे पोषण बदलले आणि काही आठवड्यांतच त्याला पुन्हा मान्यता मिळाली. पुढे २०१४ साली त्या देशाने हलाल वस्तूंच्या हमीचा स्वतंत्र कायदाच केला.

दुरून पाहणारास हा अतिरेक वाटेल. परंतु आपल्या मिठाईवरील चांदीचा वर्ख आठवा. पूर्वापार पद्धतीत चांदीचा तुकडा बैलाच्या आतड्याच्या पापुद्र्यांच्या वहीत घालून हातोड्याने ठोकीत. हल्ली खास कागदावर आणि यंत्रानेही वर्ख करतात. वर्खात आतड्याचा अंश आहे का, हा प्रश्न वेगळा. परंतु अशा वहीत तयार झालेला वर्ख देवापुढच्या पेढ्यावर लावावा का, हा प्रश्न जावातील प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे.

आपल्या शास्त्राचे म्हणणे

छांदोग्य उपनिषद आहाराच्या शुद्धीवर चित्ताची शुद्धी अवलंबून असल्याचे सांगते. आचार्यांनी तेथील 'आहार' शब्दाचा अर्थ इंद्रियांनी आत घेतलेले सर्व विषय असा केला, तर रामानुजीय परंपरा अन्नाचे तीन दोष मोजते: वस्तूच्या जातीचा, ती ज्याच्याकडून आली त्या आश्रयाचा, आणि केस-माती यांसारख्या निमित्ताचा. जिलेटिनाचा दोष पहिल्या प्रकारातला, वर्खाचा दोष दुसऱ्या-तिसऱ्याच्या सीमेवरचा.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात, तीन गोष्टी पवित्र मानल्या आहेत: ज्याचा दोष दिसलेला नाही ते, जे पाण्याने धुतले आहे ते, आणि ज्याला जाणत्यांच्या वाणीने शुद्ध म्हटले आहे ते. याज्ञवल्क्यानेही हेच सांगितले आहे. मास्तरांनी पाकीट वाचल्यावर दुसऱ्या दिवशी एक आजी माझ्या दारी आल्या. डोळ्यांत पाणी होते. "बुवा, माझ्या नातवाने तीन दिवस ते खाल्ले. आता काय करू?" त्यांना मी हेच वचन समजावून सांगितले. आजी, ज्याचा दोष दिसला नव्हता ते मुलाने देवाचा प्रसाद म्हणून खाल्ले. त्याला पाप लागत नाही. दोष असेल तर आम्हा वाटणारांकडे येतो, कारण पाकीट आमच्या हातात होते.

आजी समाधानाने गेल्या, पण माझे समाधान झाले नाही. ज्या काळी ते वचन रचले गेले, त्या काळी धान्य शेजारच्या शेतातले, तूप अंगणातल्या गाईचे आणि गूळ गावच्या गुऱ्हाळातला होता. दोष असता तर दिसला असता. म्हणून न दिसणे हा शुद्धतेचा पुरावा धरता येत होता. आज पदार्थ तीन देशांत फिरून येतो आणि त्याचे मूळ सात पडद्यांआड असते. पाठ फिरवून उभे राहायचे आणि 'मला दिसले नाही' म्हणायचे, याला अदृष्ट म्हणता येणार नाही. पाण्याने धुऊन जिलेटिन जात नाही. तेव्हा तिन्हींपैकी एकच आधार उरतो, तो वाणीचा. आणि आजच्या काळात ती वाणी म्हणजे पाकिटावरची बारीक अक्षरे आणि त्यांच्यामागे उभी असलेली तपासणी.

कोणी विचारील, सोवळ्याचे रेशीम किड्याचे, शंख प्राण्याचा, पंचामृतातला मध माश्यांचा. मग जिलेटिनाशीच वाकडे का? शंका रास्त आहे. या वस्तू परंपरेने नावानिशी स्वीकारल्या आहेत, त्या कशाच्या आहेत हे सर्वांस ठाऊक आहे, आणि शाकाहारी घराने पशूचे कातडे वा हाड अन्न म्हणून कधी स्वीकारलेले नाही. माहीत असून स्वीकारणे आणि न कळता गिळणे यांत फरक आहे.

ही चौकशी नवी नव्हे

'चरबी कशाची?' या एका प्रश्नाने १८५७ साली हिंदू आणि मुसलमान शिपाई एकाच वेळी अस्वस्थ झाले होते. काडतुसाच्या वंगणात गाईची वा डुकराची चरबी असल्याची वार्ता दोघांनाही सारखीच झोंबली. १९८३ साली वनस्पती तुपात परदेशातून आणलेली गोचरबी मिसळल्याचे उघडकीस आले, तेव्हा देशभर गदारोळ झाला. मी तेव्हा विशीत होतो. आईने डबा अंगणात नेऊन रिकामा केला आणि त्या दिवाळीत घरी तळणच झाले नाही. २००१ साली अमेरिकेतील हिंदूंना कळले की मॅक्डॉनल्ड्सच्या बटाट्याच्या कापांचे तेल वनस्पतीचे असले तरी त्यांत गोमांसाचा स्वाद आहे. यादीत शब्द होता केवळ 'नैसर्गिक स्वाद'. खटला झाला, कंपनीने क्षमा मागितली आणि २००२ मध्ये एक कोटी डॉलर, मुख्यतः शाकाहारी, हिंदू आणि अन्य संस्थांस देण्याचे मान्य केले.

आपल्या देशात २००१ पासून हिरव्या आणि तपकिरी खुणेचा नियम आला. चौकोनातील हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी पदार्थाची खूण पूर्वी तपकिरी ठिपका होती, २०२० च्या नियमांनी ती तपकिरी त्रिकोण झाली. दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचे मेण आणि लाख यांमुळे पदार्थ मांसाहारी ठरत नाही, हेही लक्षात असावे. ९ डिसेंबर २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने एका गोरक्षक संस्थेच्या अर्जावर आदेश दिला की घटकाचे प्रमाण कितीही अल्प असो, तो वनस्पतिजन्य, प्राणिजन्य की प्रयोगशाळेत केलेला, हे उत्पादकाने सांगितले पाहिजे. नुसता क्रमांक छापून भागणार नाही. त्या सुनावणीत उदाहरण आले होते ते वर सांगितलेल्या क्रमांक ६३१ चेच.

गृहिणींसाठी चार गोष्टी

प्रथम, परदेशातून कोणी प्रेमाने आणलेल्या पाकिटावर आपली हिरवी खूण नसते. म्हणून तेथे घटकांची यादी वाचणे अपरिहार्य आहे. जिलेटिन हा शब्द दिसला आणि मूळ सांगितलेले नसले, तर ते देवापुढे ठेवू नये. थिजविण्यासाठी आगर, म्हणजे चायना ग्रास, किंवा पेक्टिन वापरले असेल तर शंका नाही. पहिले समुद्रशैवालाचे, दुसरे फळांच्या सालींचे.

दुसरे, हलालची खूण म्हणजे शाकाहाराची खूण नव्हे. विधिपूर्वक कापलेल्या गुराच्या कातड्याचे जिलेटिन त्यांना चालेल, आपल्याला चालणार नाही. उलट हिरवा ठिपका असलेल्या पदार्थात मद्यार्कात उतरविलेला स्वाद असेल, तर तो आपल्या नजरेतून सुटेल, त्यांच्या नाही. दोन खुणा दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

तिसरे, हिरवा ठिपका उपवासाचे काही सांगत नाही. बाजारातील बहुतेक हिंग डिंक आणि पीठ मिसळून केलेला असतो; एकादशीस तो घालणाऱ्या घराने डबी वाचावी.

चौथे, मूळ सांगितलेले नसेल तर उत्पादकास पत्र लिहून विचारावे. मुसलमान समाजाने हे सातत्याने केले, म्हणून कारखान्यांना विरजणे बदलावी लागली. विचारणारे गिऱ्हाईक असले की उत्तर देणारा विक्रेता निर्माण होतो.

उषस्तीची गोष्ट

आता उत्तररंग. कुरुदेशातील पीक बुडाले, दुष्काळ पडला. उषस्ती चाक्रायण नावाचा विद्वान ब्राह्मण पत्नीसह हत्ती पाळणाऱ्यांच्या गावी अन्नान्न दशेत राहत होता. एक माहूत उकडलेल्या कुळमाषांचे भांडे घेऊन खात बसला होता. उषस्तीने त्याच्याकडे अन्न मागितले. माहूत संकोचला, म्हणाला, जे आहे ते एवढेच, आणि ते माझे उष्टे आहे. उषस्तीने तेच मागून घेतले व खाल्ले. माहुताने मग पाणी पुढे केले, तर उषस्ती म्हणाला, नको, ते उष्टे होईल. माहूत चकित झाला: मग हे दाणे उष्टे नव्हते का? उषस्तीचे उत्तर उपनिषदाने जपून ठेवले आहे. त्याचा आशय असा: दाणे खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला हवे तेथे मिळते. उरलेले दाणे त्याने पत्नीसाठी नेले. तिला आधीच भिक्षा मिळाली होती, म्हणून तिने ते जपून ठेवले. दुसऱ्या दिवशी तेच शिळे, उष्टे दाणे खाऊन तो राजाच्या यज्ञास गेला आणि तेथे मोठमोठ्या ऋत्विजांना त्याने निरुत्तर केले.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांना हृदयविकार झाला. डॉक्टरांनी दिलेल्या कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे होते. त्यांनी आपल्या मौलवींना विचारले. उत्तर मिळाले, दुसरा उपाय नसेल तर जीव राखण्यासाठी घ्या, वनस्पतीच्या कवचाची मिळत असेल तर ती घ्या. मला ते ऐकून उषस्ती आठवला. औषध हे कुळमाषाचे दाणे आहेत. गुलाबी वडी हे पाणी आहे. रुग्णास आपद्धर्म आहे, रसनेस नाही. नैवेद्याला तर आपत्तीचे कारणच नसते. देवाने कधी वडी मागितली नव्हती.

त्या पाचव्या दिवशी कीर्तनाच्या आरंभीच मी सर्व हकीगत सभेस सांगितली आणि क्षमा मागितली. काही मंडळी रागावली. तो त्यांचा हक्क होता. पिशव्या आणणाऱ्या भाविकाला कोणी बोल लावू नये असेही सांगितले, कारण त्याने श्रद्धेने दिले होते; पाहायचे काम आमचे होते. उरलेल्या दिवसांत पुन्हा खडीसाखर आणि खोबरेच वाटले. मुलांनी एक दिवस तोंडे वाकडी केली, दुसऱ्या दिवसापासून पुड्या संपू लागल्या.

यंदा मंडळाने प्रसादाची जबाबदारी दोघांवर सोपविली आहे. एक संस्थानच्या स्वयंपाकघरातील जुन्या काकू, आणि दुसरे मास्तर. मास्तरांनी आधी नाही म्हटले. "बुवा, तुमच्या देवाच्या प्रसादाचे मी काय पाहणार?" मी म्हटले, "मास्तर, तुम्हाला पाकीट वाचायची सवय आहे. आम्हाला लागेपर्यंत तुम्हीच वाचा." तेव्हा त्यांनी चष्म्याची डबी खिशात टाकली आणि डग्ग्यावर हातोडी मारून सूर जुळवायला घेतला.